मालवणचं सागरी अभयारण्य नक्की कुणापासून कुणाला वाचवतंय?

किनारपट्टी (धागाकर्ता)

२०२२ च्या डिसेंबरात मॉन्ट्रियलला जगभरच्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत तीस टक्के जमीन आणि तीस टक्के समुद्र राखीव करायचा. इथल्याच दुसऱ्या एका धाग्यावर त्यावर चर्चा चालू आहे आणि सगळ्यांचं एकमत आहे. समुद्र वाचलाच पाहिजे, याला कोण नाही म्हणेल? मी तिथे मालवणचं नाव काढलं तर दोघातिघांनी विचारलं, "मालवणला अभयारण्य आहे?" दरवर्षी तारकर्लीला जाऊन स्कूबा करून येणारी मंडळी ही! विषय तिथे भरकटायला नको, म्हणून हा वेगळा धागा.

तर आहे. १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यात गाभा (कोअर झोन) ३.१८ चौ. किमी. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक, बाकीचं बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा. गाभ्याची ईशान्येकडची हद्द मालवण बंदरापासून पन्नास मीटरवर सुरू होते. जेटीवर उभं राहून जोर लावून दगड भिरकावला तर तो अभयारण्यात पडेल. आता त्या जेटीवर सकाळ-संध्याकाळ काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. होड्या, जाळी, लिलाव, बर्फाचे टेम्पो, किल्ल्यावर जाणाऱ्या पर्यटकांची रांग. याच पाण्यावर वन्यजीव कायदा १९७२ लागू आहे, ज्यात अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही मारायला, पकडायला मनाई आहे. नियम अक्षरशः पाळायचा तर दांडीच्या (मालवणचीच किनाऱ्यावरची वाडी) माणसाने घरासमोर पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणंही गुन्हा.

अर्थात तो कुणीच अक्षरशः पाळला नाही. मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला, सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी त्यांची री ओढली आणि अभयारण्य फायलीत राहिलं. रद्दही झालं नाही, अमलातही आलं नाही. मला वाटतं, दोन्हीपेक्षा वाईट असं हे तिसरंच झालं. कारण टांगती तलवार कायम राहिली आणि तिची धार फक्त छोट्या होडीवाल्याला जाणवली. त्याच काळात बाहेर काय झालं बघा. कर्नाटकातल्या मलपीकडचे हायस्पीड ट्रॉलर आले, मागे जाळं ओढत नेणाऱ्या बोटी. पर्ससीन आलं, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढून खालून आवळायचं मोठं जाळं. मग पाण्यावर झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणारे एलईडीवाले आले, ज्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली तरी आजही काळोख्या रात्री किनाऱ्यावरून त्यांचा उजेड दिसतो. यातल्या कुणाला १९८७ च्या त्या अधिसूचनेने एक रात्र तरी थांबवलं का?

ज्यांनी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो, कारण पुढची चर्चा त्याशिवाय कळणार नाही. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी जाळं सोडत सोडत अर्धगोल मारते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात. तीस-चाळीस माणसं तरी लागतातच, मोठ्या रापणीला त्याहून जास्त. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, जाळं वाळूवर येतं आणि मग तारली, बांगडे, पेडवे, नशीब असेल तर सुरमई. वाटे होतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. वाटेने जाणाऱ्याने दोराला हात लावला तरी त्याच्या हातात चार मासे पडतात. कोणत्या रापणीने कुठे टाकायची, कुणाची पाळी कधी, हे संघाचं संघात ठरतं. त्यासाठी पोलीस लागत नाही. पावसाळ्यात जाळी छपरात जातात आणि नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ सोडल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा दंडक सरकारी मासेमारीबंदीच्या कितीतरी आधीचा.

म्हणजे जिथे नियम होते, पाळ्या होत्या, बंदीचा मोसम होता, तिथे जाऊन सरकारने नकाशावर चौकोन काढला आणि सांगितलं की इथे आता निसर्गाचं रक्षण सुरू. ज्याला रक्षणाचा भागीदार करायचा त्यालाच पहिला आरोपी केलं.

मी संरक्षणाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार. किल्ल्याच्या मागे पाण्याखाली प्रवाळ आहेत, ते राहायला हवेत. प्रश्न एवढाच आहे की रेघ कुणी मारायची आणि कुणाला बाहेर ठेवायला मारायची. किनाऱ्यावरच्यांनी, अभ्यासकांनी, कायदा जाणणाऱ्यांनी लिहावं.

निळावंती

आधीच सांगून ठेवलंत तरी पहिला प्रतिसाद तोच देते. :)

मी सागरी जीवशास्त्राची, मालवणच्या पाण्यात काम केलेलं आहे. रापणीबद्दल लिहिलंत ते सुंदर आहे, पण पाण्याखाली कुणाची भावना दिसत नाही, फक्त काय जिवंत आहे आणि काय मेलं आहे ते दिसतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी गेल्या दहा-बारा वर्षांत इथल्या प्रवाळांचं ब्लीचिंग नोंदवलं आहे. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पाणी लवकर निवलं तर सावरतात. पण सावरायच्या वेळी वरून नांगर पडत असतील, पहिल्यांदाच पाण्यात उतरलेले पर्यटक फोटोसाठी त्यांच्यावर उभे राहत असतील, खडकात अडकलेली नायलॉनची जाळी तशीच सोडलेली असतील, तर काय सावरणार?

आणि पूर्ण बंदीने काय होतं याचे पुरावे आहेत. मेक्सिकोतलं काबो पुल्मो १९९५ ला राखीव झालं. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथलं माशांचं वस्तुमान ४६३ टक्क्यांनी वाढलं. वाढलेला मासा हद्दीत बसून राहत नाही, बाहेर येतो, अंडी प्रवाहाबरोबर जातात. फायदा शेजारच्या कोळ्यालाच होतो. ३.१८ चौ. किमी हा तुकडा किती लहान आहे हो! तेवढाही सोडायचा नाही?

रापणकार

किनारपट्टी, बरा केलास धागो काढलस तो. मी दांडीचो. माका येता तसा लिवतंय, समजान घेवा.

८७ साली मी शाळेत होतंय. गावात येवढाच कळला की 'समुद्र सरकारान घेतल्यान'. नकाशो कोणी दाखवूक नाय, वाडीत येवन कोणी सांगूक नाय. मगे दोन-चार वर्सान कोणतरी येवन सांगी, आता बंद होतला. मिटिंगा झाले. एका मिटिंगेत एक सायब म्हणालो, तुमका दुसरो धंदो देतो. माझ्या बापाशीन विचारल्यान, कसलो? तो म्हणालो, बघू. आजून बघतत.

निळावंतीबाय, प्रवाळ आमकाय ठावक आसत. खडपाकडे मासो रवता ह्यां आमका कोणी शिकवूक लागना नाय. रापण वाळयेर ओढतत, खडपार नाय. खडपार जाळा घातला तर जाळाच फाटता, तेचो खर्च आमचोच. मगे प्रवाळाक आमच्याकडसून काय तरास?

तरास खय हा ता बघा. रात्रीचे एलईडी घेवन येतत, पाण्यात दिवस करतत, आणि बारको, मोटो, पोटात गाबोळी असलेलो, सगळो एका फेरीत उपसून नेतत. सकाळी आमची रापण येता ती रिकामी. चाळीस माणसां ओढतत आणि वाट्याक दोन बांगडे. आमचो बांगडो खय गेलो ह्यां विचारूक अभयारण्य कशाक व्हया?

आता झील (मुलगो) टुरिस्टांका होडयेतसून किल्लो दाखयता. तेच्यार घर चलता. उद्या कोअर झोन म्हणान ताय बंद केलास तर आमी खय जावचा ता पयला सांगा, मगे टक्के सांगा.

मासेखाऊ

+१ रापणकार. "बघू. आजून बघतत" ला मानलं.

अवांतर: सुरमईचा भाव आता ऐकवत नाही. घरी बांगड्याला पण मोठा मासा म्हणायला लागलोय.

कलम_परिशिष्ट

वकिली पेशा आहे, पर्यावरण कायद्यात थोडं काम. दोन-तीन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात, कारण "सरकारने समुद्र घेतला" हे कायद्याच्या भाषेत इतकं सरळ नाही.

अभयारण्य जाहीर झालं की त्या हद्दीत कुणाचे काय हक्क आहेत याची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करायची असते. वन्यजीव कायद्यातली कलम १९ ते २५ त्यासाठीच आहेत. उद्घोषणा काढायची, लोकांकडून दावे मागवायचे, सुनावणी घ्यायची. मग दावा मान्य, अमान्य, भरपाई, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांशी बोलून तो हक्क अभयारण्यातच पुढे चालू ठेवणं, असे पर्याय असतात. हा शेवटचा पर्याय कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे आणि सभांमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच होतो. २००२ च्या दुरुस्तीने ही चौकशी शक्यतो दोन वर्षांत संपवा असंही सांगितलं.

शिवाय कलम २६अ. १९९१ ला आलं. राज्याला प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर केंद्राची संमती लागते, हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांच्या सल्ल्याने ठरवावी लागते, आणि "स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितांचं रक्षण करण्यासाठी पुरेसे उपाय केल्यानंतरच" ठरवावी लागते. म्हणजे मच्छीमाराचं हित हे अभयारण्याच्या आड येणारं लचांड नाही, ती अभयारण्याची पूर्वअट आहे. मालवणची घोषणा या दुरुस्तीच्या आधीची आहे हे खरं. पण तत्त्व कुठे आहे ते लक्षात ठेवा.

आपल्या किनाऱ्यावरचा माणूस मोर्चा काढण्यात तरबेज आहे, लेखी दावा दाखल करण्यात नाही. दोष त्याचा नाही, तसं सांगायला कुणी गेलं नाही. रापणीची पाळी, जागा, संघाची जुनी वही, लिलावाच्या पावत्या, हे सगळं पुरावा आहे. सांभाळून ठेवा.

खाडीपार

रत्नागिरीहून. माझ्या भावाचं पर्ससीन आहे, तेव्हा मी इथे खलनायक, ठीक आहे.

पण एक सांगा, पर्ससीनवाला काय आकाशातून पडला? तो पण इथलाच दर्यावर्दी, त्याचा आजा पण पारंपरिकच होता. कुणी सांगितलं त्याला मोठी बोट घे म्हणून? सरकारनेच. अनुदानं, डिझेलचा परतावा, बँकेचं कर्ज, यांत्रिकीकरण म्हणजे प्रगती असं चाळीस वर्षं शिकवलं. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये आदेश आला, राज्याच्या हद्दीत पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. चार महिने धंदा, बारा महिने हप्ते. बोटीवर नेपाळचे खलाशी आहेत, त्यांचा पगार, रेशन, उचल वेगळी.

एलईडीचं समर्थन मी करत नाही, ते चूकच. पण "पारंपरिक तो साव, यांत्रिक तो चोर" अशी वाटणी करून धागे चालवायचे असतील तर चालवा. बारा सागरी मैलांच्या बाहेर केंद्राचा ताबा, आत राज्याचा, मासा दोन्हीकडे फिरतो आणि आम्हाला पकडायला दोन्हीकडचे.

किनारपट्टी

@खाडीपार, खलनायक कुणी म्हणत नाही, आणि कर्जाचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण एक फरक आहे जो तुम्ही बाजूला सारताय. रापण जागेवरून हलू शकत नाही. तुमच्या बोटीला रत्नागिरीत मासा नसेल तर ती मालवणला येते, तिथे नसेल तर आणखी खाली जाते. दांडीच्या रापणीपुढे मासा आला नाही तर तिने कुठे जायचं? म्हणूनच १९८१ च्या राज्याच्या सागरी मासेमारी कायद्याखाली किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा छोट्यांसाठी राखला. २०२१ च्या दुरुस्तीत दंड लाखांत नेले आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आणले. कागद चांगला आहे. पण बोट हायस्पीड आणि गस्तीची नौका तिच्या मागे धापा टाकणारी, तिथे दंड लिहायचा कुणाच्या नावाने?

@निळावंती, काबो पुल्मोचं उदाहरण दिलंत ते बरं झालं. तिथे बंदी मागितली कुणी? गावातल्याच मच्छीमार कुटुंबांनी. मासा संपत आलेला त्यांनी स्वतः पाहिला, विद्यापीठातल्या लोकांशी बोलले, सरकारकडे गेले आणि राखणही तेच करतात. ४६३ टक्के सगळे सांगतात, हा भाग कुणी सांगत नाही. आपल्याकडचं उलट उदाहरण हवं तर ओडिशातलं गहिरमाथा. ऑलिव्ह रिडले कासवांसाठी १९९७ ला १,४३५ चौ. किमी राखीव. १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारी बंद. सात महिने! पुढे १४ जूनपर्यंत पूर्व किनाऱ्याची बंदी आणि वादळं. कासवं जगली पाहिजेत यात वाद नाही, पण वर्षातले उरतात किती दिवस, आणि भरपाई म्हणून हातावर टेकवलेल्या काही हजारांत कुटुंब वर्ष काढेल का?

शिंपलेवाली

सगळे होड्यांबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

माझी आई वेंगुर्ल्याकडची. होडी नाही, जाळं नाही, परवाना नाही. ओहोटी लागली की ती आणि शेजारच्या बायका कोयता, हातोडी आणि टोपली घेऊन खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर जायच्या. कालवं फोडायची म्हणजे डोळा आणि मनगट दोन्ही लागतं. कवच खडकाला चिकटलेलं, वरच्या झाकणावर नेमका टोला मारायचा, आतला गर न फुटता उचलायचा आणि पाणी चढायच्या आत परतायचं. बोटं कायम चिरलेली. चिखलात तिसरे आणि खडपावर शिनाणे (दोन्ही शिंपलेच), खाडीत चिंबोऱ्या. यातलं थोडं घरी, बाकी बाजारात. मुलांच्या शाळेच्या फिया यावर भरल्या गेल्या आहेत.

आता अभयारण्य आलं की पाहणी होते, आणि पाहणीत मच्छीमार म्हणजे कोण? ज्याच्या नावावर नौका आहे तो. भरपाईची यादी तीच, ओळखपत्राची यादी तीच. खडपावर जाणारी बाई कुठल्याच यादीत नाही. बंदी मात्र तिला पहिली लागते, कारण ती किनाऱ्यावर उघड्यावर काम करते. ट्रॉलर पकडायला बोट लागते, बाईला पकडायला नुसती शिट्टी पुरते.

तमिळनाडूत मन्नारच्या आखातात हेच झालं. १९८६ ला एकवीस बेटांभोवती राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्या बायका पिढ्यान्पिढ्या डुबकी मारून समुद्री शेवाळ काढतात. नंतर बंदी कडक झाली, टोपल्या जप्त, दमदाटी. त्या बायकांनी संघटना केली आणि स्वतःचे नियम बसवले. महिन्यातून बाराच दिवस पाण्यात जायचं, शेवाळ धातूच्या पट्टीने खरवडायचं नाही, मोसमी बंदीनंतर आणखी काही आठवडे वाढ व्हायला मोकळी सोडायची. त्यांच्या पुढारी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ चा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. म्हणजे जगाने ज्यांना समुद्राची राखणदार म्हणून गौरवलं त्या आपल्याच गावच्या पाण्यात घुसखोर!

आपल्याकडेही सगळं वाईटच झालं असं नाही. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात. स्वतः होडी वल्हवतात, झाडं, पक्षी दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्गात २०१२ ते २०१७ प्रकल्प चालला त्यातून हे उभं राहिलं. पण सफरीच्या होडीत किती बायका मावतील? खडपावर जाणाऱ्या त्याहून खूप जास्त आहेत.

रिफायनरीवाला

जामनगरला नोकरीला होतो, म्हणून दोन ओळी. कच्छच्या आखातात देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ चं. तिथे ओहोटीला पायी जाऊन मासे धरणारे लोक आहेत, त्यांना पगडिया म्हणतात. त्यांना उद्यानात पाऊल टाकायची चोरी. आणि त्याच उद्यानातून तेलाच्या पाइपलाइन गेल्यात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००४ ला पाइपलाइनला मार्ग मोकळा झाला. ज्या कंपन्यांच्या पगारावर माझं घर चाललं त्यांच्याबद्दल मी जास्त बोलणं बरं दिसत नाही, पण राखीव म्हणजे कुणासाठी राखीव हे मला तिथे कळलं.

पोर्टलुईकर

नोकरीनिमित्त मॉरिशसमध्ये आहे. इथली दोन उदाहरणं या धाग्यात बसतात, एक कडू आणि एक गोड.

कडू आधी. हिंदी महासागरातली शागोस बेटं. १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटनने तिथल्या सगळ्या लोकांना हलवलं, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ हवा होता. त्यातले बरेच इथे पोर्ट लुईच्या रोश ब्वासारख्या गरीब वस्त्यांत आले. २०१० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने त्या बेटांभोवती प्रचंड सागरी राखीव क्षेत्र जाहीर केलं. सहा लाख चौ. किमीहून मोठं, मासेमारी पूर्ण बंद. जगभरच्या पर्यावरण संस्थांनी टाळ्या वाजवल्या. मग विकिलीक्समध्ये २००९ ची अमेरिकी वकिलातीची तार बाहेर आली. त्यात ब्रिटिश अधिकारी सांगतोय की राखीव क्षेत्र झालं की बेटवासीयांना परत येण्याचा दावा टिकवणं अवघड जाईल. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ते क्षेत्र जाहीर करताना ब्रिटनने समुद्र कायद्याचा भंग केला असा निर्णय दिला. प्रवाळ तिथले खरोखर अप्रतिम आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

आता गोड. रॉड्रिग्ज नावाचं छोटं बेट मॉरिशसचाच भाग आहे. तिथे बायका ओहोटीला खडकांवर चालत काठीने ऑक्टोपस मारतात. वरच्या प्रतिसादातली आई वाचून त्याच आठवल्या. ऑक्टोपस फार झपाट्याने वाढतो, दोन महिने हात लावला नाही तर वजन कितीतरी वाढतं. २०१२ पासून ऑगस्ट ते ऑक्टोबर अशी दोन महिन्यांची बंदी सुरू केली. यात महत्त्वाचं काय, तर त्या दोन महिन्यांत ऑक्टोपस धरणाऱ्यांना दुसरं काम देऊन मजुरी दिली, किनारा सफाई वगैरे. बंदी उठली की मोठा माल. लोक बंदीच्या बाजूने आले, कारण बंदीच्या काळात चूल विझली नाही.

निळावंती

@शिंपलेवाली, तुमचा प्रतिसाद वाचून शेवाळाच्या बायकांबद्दल आणखी शोधते आहे. खडपावरच्या कालवांची मोजणी करताना आम्ही चौकट टाकून शिंपले मोजतो, तिथे येणाऱ्या बायका मोजत नाही. ही खोट आमच्या पद्धतीतच आहे.

तरीही माझा मुद्दा सोडत नाही. रापणीमुळे प्रवाळ मरत नाहीत, मान्य. शागोससारखा डाव मालवणात नाही. पण पर्यटन हा आता इथलाच धंदा झालाय, बाहेरच्याचा नाही. ज्या होड्यांचे नांगर प्रवाळांवर पडतात त्या स्थानिकांच्याच आहेत. बाहेरचा ट्रॉलर वाईट आणि आपला नांगर चांगला असं समुद्र मानत नाही. आणि आता निवतीजवळ नौदलाची निवृत्त नौका आयएनएस गुलदार समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं पर्यटन वाढवायची योजना आहे. गर्दी कमी होणार नाहीये.

रापणकार

नांगराचा खरा हा. झिलाक मीच सांगतंय, खडपार टाकू नको. पण एका वेळेक तीस होडये थय उभे रवतत, करंट असता, टुरिस्ट उलट्यो करतत, तेवा जो तो मिळात थय टाकता. बोये (होडी बांधूक तरंगते खुटे) बांधून देवात तर नांगर टाकूचो प्रश्नच नाय. ह्या कित्येक वर्सां सांगतो आमी.

आणि आमी काय ऐकणत नाय अशातला नाय. २०१८ पासना कासव, व्हेल शार्क जाळ्यात गावलो तर जाळा कापून सोडतो, फोटो काढून पाठयतो, पंचवीस हजारापर्यंत जाळ्याची भरपाय असा. आदी कोण जाळा कापी? दोन-तीन लाखाचा जाळा! भरपाय इली तेवा कासव सुटला. माणसाक पोट असता ह्यां धरून नियम केल्यात तर नियम चलता.

कलम_परिशिष्ट

रापणकारांनी मुद्द्यावर आणलं. त्याला धरून एक पर्याय मांडतो. अभयारण्य हा एकच साचा नाही. त्याच वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्र आलं, कलम ३६अ. त्यात समुद्राचा उल्लेख आहे, आत राहणाऱ्यांच्या हक्कांना धक्का लागत नाही, आधी स्थानिकांशी सल्लामसलत करावी लागते आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात डुगाँगसाठी (समुद्रगाय) ४४८ चौ. किमीचं क्षेत्र याच कलमाखाली जाहीर केलं. म्हणजे समुद्रात ते करता येतं. दुसरं, जैवविविधता कायद्याखालचं वारसा स्थळ. त्याचं उदाहरण सिंधुदुर्गातच आहे, आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या माशासाठी २०२१ मध्ये केलं.

मालवणच्या अभयारण्याची हद्द बदलणं किंवा ते मागे घेणं सोपं नाही, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाकडे जावं लागतं. पण हक्कांची चौकशी नीट करा आणि कलम २४ खाली रापण, पाग, कालवं हे हक्क चालू ठेवा, ही मागणी उद्याही करता येते. त्यात खडपावरच्या बायकांचे दावे वेगळ्या अर्जाने जावेत, नवऱ्याच्या नौकेच्या अर्जात पोटकलम म्हणून नकोत.

खाडीपार

आणि आमच्यासाठी काही कलम?

कलम_परिशिष्ट

अभयारण्यात नाही. तुमची लढाई कर्जाची आणि परवान्याची आहे. पर्ससीन परत करणाऱ्याला सरकारने बोट विकत घेऊन मोकळं करावं, कर्जासकट, ही मागणी मच्छीमार संघटनांनी एकत्र केली तर मी तिच्या बाजूने आहे. नुसत्या बंदीने तुम्ही रात्री जाल आणि रापणकार सकाळी रिकामी रापण ओढतील.

किनारपट्टी

मी दोन गोष्टी करतोय. एक, दांडी ते देवबाग कुठली रापण कुठे पडते, पाळ्या कशा आहेत, बायका कुठल्या खडपावर जातात, याचा हाताने नकाशा काढायला वाडीतल्या जाणत्यांना बसवतोय. शिंपलेवाली, वेंगुर्ल्याकडचा भाग तुमच्या आईकडून मिळेल का? दुसरं, बोयांसाठी निवेदन. निळावंती, प्रवाळ नेमके कुठे आहेत ते तुम्ही सांगा, बोये कुठे टिकतील ते रापणकार सांगतील.

रापणकार

पद्मगडाच्या भायल्या अंगाक बांधू नकात, थय पावसात काय रवणत नाय, साखळ तुटतली. किल्ल्याच्या मागे वायरीच्या बाजूक चलतला. पण गणपतीनंतर या सगळी, पाणी निवळला काय होडयेन नेवन दाखयतंय.